मावशीचा अंगठा आणि ‘मर्यादा फक्त मनात असतात’

हा मजकूर मला आजवर किमान पाच जणांनी पाठवला असेल. खाली दरवेळी वेगळं नाव, वर कधी उगवता सूर्य, कधी डोंगरकड्यावरचा माणूस. सांगाडा मात्र तोच. थोडक्यात असा:

‘मर्यादा शरीरात नसतात, मनात असतात. चार मिनिटांच्या आत एक मैल धावणं अशक्य, असं सगळे मानत होते. १९५४ मध्ये रॉजर बॅनिस्टरने ते करून दाखवलं आणि वर्षभरात शेकडो जणांनी केलं, कारण मनातली भिंत पडली. आपण दमलो असं वाटतं तेव्हा ताकद फक्त ४० टक्के वापरलेली असते. मेंदू तर १० टक्केच. योगी मनाच्या जोरावर हृदय थांबवतात. स्वतःच्या पलीकडे जाणं हाच माणसाचा स्वभाव. ज्याला जमत नाही त्याची इच्छा कमी पडते.’

एरवी मी पुढे सरकलो असतो. या खेपेला तो घरच्या ग्रुपवर आला आणि माझ्या मावशीने वाचला. तिला पॅरालिसिसचा झटका येऊन चार महिने झाले होते, उजवी बाजू. त्या संध्याकाळी मी तिच्याजवळ बसलो होतो. समोर कपडे वाळत घालायचा प्लास्टिकचा चिमटा. अंगठा आणि तर्जनीत धरून तो दाबायचा, एवढाच व्यायाम. चिमट्याचं तोंड नखभर उघडलं आणि मिटलं. पुन्हा तेच. मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, ‘‘म्हणजे माझं मनच कमी पडतंय का रे?’’

ज्याने तो मजकूर टाकला त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला माहीत आहे. पण उत्तर द्यायला हवं.

बॅनिस्टरपासून सुरू करू, कारण सगळ्या इमारतीचा पाया तोच आहे. चार मिनिटं अशक्य म्हणून जग हात टेकून बसलं होतं, असं गोष्टीत येतं. प्रत्यक्षात दुसरं महायुद्ध चालू असताना तटस्थ स्वीडनमध्ये गुंडर हेग आणि आर्ने अँडरसन हे दोघे आलटून पालटून मैलाचा विक्रम मोडत होते. १९४२ ते १९४५ या तीन वर्षांत त्यांनी तो ४ मिनिटं ६.४ सेकंदांवरून ४ मिनिटं १.४ सेकंदांपर्यंत खाली आणला. भिंतीला घाबरलेली माणसं अशी धावत नाहीत. उरलेल्या युरोपात तेव्हा धावण्याच्या वयाची पोरं युद्धाच्या आघाडीवर होती, आणि युद्धानंतरही खेळाची घडी बसायला वेळ लागला. विक्रम नऊ वर्षं अडकला त्यात या सगळ्याचा वाटा किती, हा प्रश्न त्या गोष्टीत कोणी विचारतच नाही.

बॅनिस्टर स्वतः वैद्यकाचा विद्यार्थी. ट्रेडमिलवर धावणाऱ्याचं शरीर किती ऑक्सिजन वापरतं, याचे प्रयोग त्याने केले होते. ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डच्या इफ्ली रोडच्या धावपट्टीवर त्याच्या पुढे आधी ख्रिस ब्रॅशर आणि मग ख्रिस चॅटवे ठरलेल्या वेगाने धावत होते, म्हणजे वेग राखायचं आणि वारा कापायचं काम दुसऱ्यांनी केलं. वेळ आली ३ मिनिटं ५९.४ सेकंद. शरीराची मर्यादा त्याने नाकारली नाही. ती मोजली आणि मग तिच्यातून सेकंद सेकंद काढला.

आणि ते ‘शेकडो’? ४६ दिवसांनी ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडीने फिनलंडमध्ये चार मिनिटांच्या आत मैल पुरा केला. त्याच्याशी शर्यत करायला तिथे कोण होता? तोच चॅटवे. त्यानंतर मे १९५५ ची ६ तारीख आली तरी यादीत तिसरं नाव नव्हतं. ते २८ मेला लंडनमध्ये आलं, एकाच शर्यतीत तिघे: टाबोरी, चॅटवे आणि ह्यूसन. तेव्हा वर्षभरात बॅनिस्टरच्या मागोमाग गेले ते ‘शेकडो’ म्हणजे एक जण.

भिंत मनातच असती तर ती पडल्यावर पुढे मोकळं रान हवं होतं. हिशाम एल गरूजने १९९९ मध्ये ३ मिनिटं ४३.१३ सेकंदांत मैल मारला, आणि २०२५ सरलं तरी तो विक्रम जागचा हलला नव्हता. त्याच २०२५ च्या जूनमध्ये केनियाच्या फेथ किप्येगॉनने पॅरिसमध्ये चार मिनिटांच्या आत मैल पळायचा प्रयत्न केला. मुद्दाम बनवलेले बूट, मुद्दाम बनवलेला पोशाख, मागेपुढे वारा अडवणारे धावपटू. ती चार मिनिटांच्या आत येऊ शकते असं तिने जगासमोर सांगितलेलं. वेळ आली ४ मिनिटं ६.४२ सेकंद. कोणत्याही स्त्रीने त्याआधी मैल इतक्या वेगाने पार केला नव्हता. तिची इच्छा साडेसहा सेकंदांनी कमी पडली, असं तिच्या तोंडावर म्हणायची कोणाची हिंमत आहे?

आता ते ४० टक्के. हा आकडा कोणी, कशाने, कोणत्या स्नायूवर मोजला, हे मजकुरात कधीच नसतं. प्रश्न मात्र खरा आहे: आपण सगळा जोर लावतो तेव्हा स्नायूत काही शिल्लक राहतं का? गंमत म्हणजे त्याचं एक गाजलेलं उत्तर बॅनिस्टरच्याच वर्षी, १९५४ मध्ये, छापून आलं, आणि तेही अंगठ्यावर. मर्टन नावाच्या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने अंगठा आत ओढणारा स्नायू घेतला. माणसाला म्हटलं, लाव सगळा जोर. मग मनगटापाशी त्या स्नायूच्या नसेला विजेचे झटके देऊन बघितलं. इच्छेने जेवढा जोर लागला होता, विजेनेही तेवढाच लागला. पुढे स्नायू दमवला. दमलेल्या स्नायूत विजेनेही जोर परत येईना. आणि रक्तपुरवठा रोखून धरला तर तो कितीही वेळ ‘विश्रांती’ घेवो, सावरेना. रक्त सोडलं की सावरला.

नंतरच्या बारीक मोजमापांत थोडी शिल्लक सापडली, ती स्नायूप्रमाणे आणि माणसाप्रमाणे कमीजास्त होते. तरी निरोगी माणूस बऱ्याच स्नायूंत ९० टक्क्यांच्या वर जातो.

इथे प्रामाणिकपणे एक मान्य करायला हवं. मेंदू लगाम धरतो हे खोटं नाही. २००४ मधल्या एका प्रयोगात सायकलपटूंनी तासाभराच्या कष्टात मध्ये मध्ये पिष्टमय द्रावणाने नुसती चूळ भरली. गिळलं काही नाही. तरी त्यांची वेळ जवळपास ३ टक्क्यांनी सुधारली. पोटात कणभर ऊर्जा गेली नव्हती. तोंडाने मेंदूला ‘येतंय, येतंय’ असा निरोप दिला आणि मेंदूने लगाम थोडा सैल केला. म्हणजे मनाचा वाटा आहे. शर्यतीत ३ टक्के म्हणजे पहिला आणि शेवटचा यांतलं अंतर. पण ते ३ आहेत, ६० नाहीत. आणि लगाम सैल झाला तोही जिभेवरच्या पेशींमुळे. मन कुठे संपलं आणि शरीर कुठे सुरू झालं, दाखवा बरं बोटाने.

श्वास रोखून धरण्याचं उदाहरण मला याहून बोलकं वाटतं. पहिली तगमग सुरू होते तेव्हा तुम्ही मरायला टेकलेले नसता. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्याची ती घंटा असते. सरावाने माणूस ती घंटा ऐकत शांत पडून राहायला शिकतो. फ्रान्सच्या स्तेफान मिफ्स्युदने २००९ मध्ये पाण्यात निश्चल राहून ११ मिनिटं ३५ सेकंद श्वास रोखला. तो मजकूर लिहिणारा इथेच टाळ्या वाजवून थांबेल. पण २०२१ मध्ये क्रोएशियाच्या बुदिमीर शोबातने २४ मिनिटं ३७ सेकंदांची नोंद केली. दुपटीहून जास्त! त्याचं मन दुप्पट खंबीर होतं का? नाही, त्याने आधी शुद्ध ऑक्सिजन भरून घेतला होता. (हे घरी कोणी करून बघू नये. बेशुद्धी सांगून येत नाही, आणि पाण्यात तर ती शेवटचीच ठरते.)

मेंदूच्या १० टक्क्यांवर फार वेळ घालवायला नको. शरीराच्या वजनाचा सुमारे २ टक्के असलेला हा अवयव बसल्या जागी सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. नव्वद टक्के रिकामा पडून राहणारा भाडेकरू इतकं खात नाही. आणि मावशीच्या डोक्यातला जो तुकडा गेला तो लहानसाच होता. तो ‘न वापरलेल्या’ नव्वदात निघाला असता तर किती बरं झालं असतं.

योग्यांच्या हृदयाकडे येऊ. हे म्हणणं तपासायला वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी भारतातच, हृदय किंवा नाडी थांबवू शकतो असं म्हणणाऱ्या योग्यांवर, ईसीजी लावून प्रयोग केले. ते १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत हृदय थांबलं नव्हतं. श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळले की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, नाडी हाताला लागेनाशी होते, ठोका कानाला ऐकू येत नाही. ईसीजीच्या कागदावर मात्र हृदय आपलं काम करत असतं. मला यात योग्यांची फजिती दिसत नाही. स्वतःच्या शरीराची इतकी बारीक ओळख असणं ही मोठीच कमाई आहे. फक्त ती शरीर ओलांडण्याची नव्हे, शरीराशी घसट वाढवण्याची कमाई आहे. आणि तपश्चर्येचाच दाखला द्यायचा तर बुद्धाचा पूर्ण द्यावा. त्यानेही उपासाने देहाचा सापळा करून पाहिला, त्या वाटेने ज्ञान मिळत नाही असं ठरवलं, अन्न घेतलं, आणि मग बोधिवृक्षाखाली बसला. पहिला अर्धा सांगायचा आणि अन्न घेतल्याचं गाळायचं, ही लबाडी झाली.

आता मजकुरातलं मला सगळ्यात आवडलेलं आणि सगळ्यात वाकडं वळलेलं वाक्य. स्वतःच्या पलीकडे जाणं हा माणसाचा स्वभाव आहे, हे मीही मानतो. पण पलीकडे म्हणजे कुठे? मजकुराचं उत्तर आहे: आणखी मोठ्या, आणखी बिनहद्दीच्या ‘मी’कडे. व्हिक्टर फ्रँकलने, छळछावण्यांतून वाचलेल्या त्या व्हिएन्नाच्या डॉक्टरने, याच कल्पनेवर आयुष्यभर लिहिलं, आणि त्याची दिशा नेमकी उलटी होती. स्वतःपलीकडे जाणं म्हणजे स्वतः नसलेल्या कशाकडे तरी, कोणाकडे तरी वळणं. तो डोळ्याचा दाखला देत असे: निरोगी डोळ्याला स्वतःतलं काही दिसत नाही, म्हणून जग दिसतं; मोतीबिंदू झाला की डोळ्याला स्वतःचाच ढग दिसायला लागतो. सकाळ-संध्याकाळ आपली ‘क्षमता’ निरखत बसणाऱ्या माणसाला हा दाखला जरा झोंबेल.

आणि हद्द म्हणजे अडथळाच, हे तरी कशावरून? जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८१ मध्ये आपल्या ग्रंथात एक कबुतर उडवलं होतं. हवा पंखांना विरोध करते. तेव्हा त्या कबुतराला वाटू शकतं की निर्वात पोकळीत आपण किती सहज उडलो असतो! कांटचा रोख इंद्रियांचं जग सोडून भरारी मारणाऱ्या विचारावर होता, पण देहालाही ते लागू पडतं. खांद्याचा सांधा बघा. शरीरातल्या मोठ्या सांध्यांत तो सर्वांत मोकळा, जवळजवळ सगळीकडे फिरतो. म्हणूनच निखळतोही तोच सर्वांत जास्त. बोटाचं पेर उलटं वळत नाही, एका मर्यादेत अडतं. ते अडतं म्हणूनच त्याला टेकवून काही धरता येतं.

राहिलं ते शेवटचं वाक्य, इच्छा कमी पडण्याचं. मावशीच्या फिजिओने एकदा तिच्या हाताला विजेचे हलके झटके देणाऱ्या मशीनच्या दोन चिकट पट्ट्या लावल्या आणि खटका दाबला. अंगठा टुणकन आत आला. स्नायू शाबूत. इच्छा? सकाळी साडेसहाला चिमटा घेऊन बसणाऱ्या बाईची इच्छा कोणी मोजावी! बिघाड दोन्हींच्या मधल्या वाटेवर होता, रक्त न पोचल्याने मेलेल्या काही पेशींत. ‘मन की शरीर’ असा प्रश्न विचारला की ही वाट दिसतच नाही, आणि दोष बिचाऱ्या मनावर जातो. नशीब साथ देईल त्याला ‘मनाचा विजय’, नाही देणार त्याला ‘मनाचा दुबळेपणा’. आजारी माणसाकडून दुहेरी वसुली करणारं असलं तत्त्वज्ञान मला नको.

त्यानंतर फिजिओने जे केलं ते बघून मला हसू आलं. तिने मावशीच्या चांगल्या, डाव्या हाताला जाडजूड मिटन, म्हणजे बोटं सुटी न राहणारा हातमोजा, घालून बांधून टाकलं. ‘‘काकू, दोन आठवडे, जागेपणी बहुतेक वेळ हे काढायचं नाही.’’ ही पद्धत एडवर्ड टॉब या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या कामातून आली, आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, झटक्याला तीन ते नऊ महिने झालेल्या लोकांवर, तिचा उपयोग दिसला. चांगला हात अडवला की दुबळ्याला काम करावंच लागतं, आणि शेकडो वेळा केल्यावर मेंदू आडवाटेने निरोप पोचवायला शिकतो. हीसुद्धा सगळ्यांना चालत नाही. मनगट आणि बोटं स्वतःहून थोडी तरी उघडता यावी लागतात. मावशीला तेवढं येत होतं.

अकराव्या दिवशी चिमटा दोरीवर लागला. वाकडा, रुमालाच्या अगदी कडेला. मावशीने ग्रुपवर टाकायला फोटो काढायला सांगितला, कारण तिचा फोन धरणारा हात मिटनमध्ये होता.