पेट्रिकोर: शब्द प्राचीन नाही आणि वास पावसाचा नाही

मृगाच्या सरी मुंबईत पोचण्याआधीच व्हॉट्सअ‍ॅपवर हा मजकूर फिरू लागतो: ‘पहिल्या पावसाच्या सुगंधाला प्राचीन ग्रीक लोक पेट्रिकोर म्हणत. इतर कोणत्याही भाषेत त्याला शब्द नाही. हा सुगंध पावसाच्या पाण्यातच असतो, कारण विजेमुळे झालेला ओझोन त्यात विरघळतो.’

शब्द १९६४ सालचा आहे. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी तो ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकातल्या लेखात मांडला. ग्रीक आहेत ते फक्त त्याचे घटक: ‘पेट्रा’ म्हणजे खडक आणि ‘इकोर’ म्हणजे देवांच्या अंगात रक्ताऐवजी वाहणारा द्रव. हे नावही त्यांनी पावसाला दिले नव्हते. कोरड्या खडकांतून आणि मातीतून वाफेच्या ऊर्ध्वपातनाने जे पिवळसर तेल निघाले, त्याचे ते नाव. कनौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीचा हाच गंध चंदनाच्या तेलात उतरवत आले आहेत.

दुसऱ्या भाषेत शब्द नाही म्हणणाऱ्यांनी ‘मृद्गंध’ ऐकलेला दिसत नाही.

विजेने ओझोन तयार होतो, वादळाआधी त्याचा वास कधीकधी येतो, हे खरे. पण तो उग्र असतो, ब्लीचिंग पावडरच्या जवळ जाणारा. मातकट वास येतो तो मुख्यतः जिओस्मिन या रसायनाचा. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू ते बनवतात आणि हवेत अत्यल्प प्रमाणात असले तरी आपल्या नाकाला कळते. बिटाची मातकट चवही त्याचीच. आम्लात ते टिकत नाही, म्हणून कोशिंबिरीत लिंबू पिळले की ती चव उतरते.

पाण्यात सुगंध नसतो, हे घरीच तपासता येते. गच्चीवर स्वच्छ स्टीलच्या पातेल्यात पाऊस धरा आणि हुंगा. मग आठवडाभर पाणी न घातलेल्या कुंडीत नळाचेच पाणी हाताने थेंबथेंब शिंपडा. वास कुंडीतून येईल. तांब्याभर पाणी एकदम ओतले तर प्रयोग फसतो. थेंब सच्छिद्र मातीवर आपटला की छिद्रांतली हवा त्याखाली अडकते, तिचे बुडबुडे सोड्यासारखे वर येऊन फुटतात आणि गंध घेऊन बारीक तुषार उडतात. २०१५ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने हे टिपले. हलक्या-मध्यम सरीत तुषार जास्त उडतात, मुसळधार पावसात कमी. म्हणूनच शिवाजी पार्कच्या मैदानावर पहिल्या शिडकाव्याला जो वास येतो, तो जुलैच्या झोडपणाऱ्या पावसात येत नाही.