मूल हलतं, प्रकाश कमी पडतो, त्वचा केशरी येते: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

घरातल्या घरात, खिडकीच्या प्रकाशात मुलांचे फोटो काढण्यावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया बोचरी आहे, पण नेमकी आहे. ती दोन ओळींत आटोपता येणार नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: खिडकीचा प्रकाश शांत बसणाऱ्या मोठ्यांसाठी ठीक, तीन वर्षांचं मूल त्यात हललेलंच येणार. आयएसओ (प्रकाशाबद्दलची कॅमेऱ्याची संवेदनशीलता) वाढवला की फोटो दाणेदार होतो, मग सरळ फ्लॅश का लावू नये? आणि ‘एडिटिंग साधं ठेवा’ ही ज्यांना एडिटिंग येत नाही त्यांची पळवाट आहे, कारण कॅमेऱ्यातून येणारी त्वचा कधी केशरी, कधी हिरवट असते आणि ती दुरुस्त करावीच लागते.

आधी हललेल्या फोटोंबद्दल. तुमचा फोटो नेमका कशामुळे बिघडला हे ओळखल्याशिवाय उपाय चुकीच्या जागी होतो. फोटो मोठा करून बघा. मागची भिंत, सोफा, मूल, सगळंच सारखं पुसट असेल तर तुमचा हात हलला. सोफा स्वच्छ आणि मुलाचा हात किंवा चेहरा फराटल्यासारखा असेल तर मूल हललं. कान किंवा कॉलर धारदार आणि डोळे मऊ असतील तर कुणीच हललेलं नाही, फोकस चुकला आहे. या तिन्हींना लोक सरसकट ‘ब्लर’ म्हणतात आणि तिन्हींवर आयएसओ वाढवत बसतात. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन फक्त पहिल्यावर चालतं. ५० मिमी लेन्सला १/५० सेकंदाचं शटर पुरे, हा जुना नियमही हाताच्या कंपापुरताच आहे, मुलाच्या हालचालीशी त्याचा काही संबंध नाही.

तुम्ही १/६० वर काढलेल्या फोटोंचा दाखला दिलाय. हा आकडा बहुधा तुम्ही निवडलेलाच नाही. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेऱ्याने) ठेवलेला कॅमेरा प्रकाश कमी दिसला की शटर तिथपर्यंत खाली आणतो, कारण समोर भिंत आहे की मूल याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून मुलांसाठी शटर स्वतःच्या हातात ठेवायचं. चित्रात रमलेलं मूल १/१२५ ते १/२०० ला नीट येतं. बसून खेळणाऱ्या, मान वळवणाऱ्या मुलाला १/२५०, चालणाऱ्याला १/३२०, आणि धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्याला १/५०० ते १/१०००. कॅमेरा मॅन्युअलवर घ्या, शटर १/२५०, छिद्र एफ २.८ (आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं), आयएसओ ऑटो, त्याची वरची मर्यादा ६४००. आता प्रकाश बदलला की फक्त आयएसओ बदलेल, शटर नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांत या व्यवस्थेतही एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम थोडा उजळ किंवा गडद करण्याची सोय) चालतं, ते कुठल्या चाकावर आहे हे मूल समोर येण्याआधी शोधून ठेवा. धावपळीतही एक क्षण असतो जेव्हा शरीर जवळजवळ थांबतं: झोका वरच्या टोकाला पोचतो तेव्हा, किंवा उडी सर्वांत उंच असते तेव्हा. तिथे १/२५० सुद्धा पुरतं. त्या क्षणाच्या किंचित आधी बटण दाबून तीन-चार फोटोंची सलग मालिका घ्यायची.

आता दाण्यांचा मुद्दा. तुमचा राग आयएसओवर आहे, पण दाणे मुळात येतात ते सेन्सरवर प्रकाश कमी पडल्यामुळे. आयएसओ ८०० वर दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) काळोखा फोटो काढून नंतर संगणकावर उजळवला, तर तो आयएसओ ३२०० वर नीट एक्स्पोज केलेल्या फोटोइतकाच दाणेदार दिसतो, कित्येक कॅमेऱ्यांत जास्तच, आणि सावल्यांत जांभळे-हिरवे ठिपकेही उमटतात. ‘आयएसओ कमी ठेवू, नंतर बघू’ हा हिशेब म्हणूनच अंगाशी येतो. शिवाय १०० टक्के मोठं करून दिसणारे दाणे ६ बाय ४ इंचांच्या छापील प्रतीवर दिसतही नाहीत. दाणे एडिटिंगमध्ये बरेचसे निवळतात, हललेले डोळे काही केल्या परत येत नाहीत. या दोनांत निवड करायची वेळ आली तर माझं मत कायम दाण्यांच्या बाजूने.

पण आयएसओला हात लावण्याआधी एक गोष्ट तपासायची, ती म्हणजे खिडकीपासूनचं अंतर. मोकळं आकाश दिसणारी साधारण १ मीटर रुंदीची खिडकी धरा. तिच्यासमोर १ मीटरवर बसलेल्या मुलाला आयएसओ ८०० पुरत असेल, तर २ मीटरवर २८०० च्या आसपास लागेल आणि ३ मीटरवर ६००० च्या घरात. भिंती पांढऱ्या असतील तर ही घसरण थोडी सौम्य होते, एवढंच. आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, कारण ते आपोआप जुळवून घेतात. म्हणून खोली उजेडाने भरलेली वाटते आणि फोटो मात्र काळोखा येतो. महागडी लेन्स घेऊन दीड स्टॉप मिळवण्यापेक्षा चटई एक मीटर सरकवणं केव्हाही सोपं. मुलाला उचलून आणू नका, ते परत पळेल. त्याचे ठोकळे, रंग, पुस्तकं तिकडे न्या, मूल आपोआप मागे येतं. फक्त उघड्या, गज नसलेल्या खिडकीच्या कट्ट्यावर मुलाला कधीही बसवू नये, फोटो कितीही छान येणार असला तरी. त्याने जमिनीवरच बसावं, आणि तुम्हीही खाली बसून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर या.

कोन कुठला हे मुलाच्या डोळ्यांत बघून कळतं. दोन्ही बुबुळांत खिडकीचा पांढरा ठिपका दिसला पाहिजे, घड्याळातल्या दहा किंवा दोनच्या जागी. ठिपका एकाच डोळ्यात असेल तर चेहरा खिडकीपासून फार वळलाय. जमिनीवर किंवा पलंगावर झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या बाबतीत डोकं खिडकीकडे ठेवायचं, म्हणजे प्रकाश कपाळाकडून हनुवटीकडे उतरतो. पाय खिडकीकडे केले की नाकाची सावली कपाळाकडे चढते आणि गोड बाळही भीतिदायक दिसतं. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा. एखाद-दुसरा स्टॉप जाईल, पण गालावरचे जळके पांढरे पट्टेही जातील.

फ्लॅशबद्दल तुमचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. रात्री, ट्यूबलाइटच्या उजेडात, मूल घरभर पळत असताना फ्लॅशच वापरावा. मात्र तो कॅमेऱ्यावर सरळ रोखलेला नको. त्याचं तोंड छताकडे आणि थोडं मागे वळवा, छत पांढरं आणि फार उंच नसेल तर ते अख्खं छतच मोठा मऊ दिवा होतं. रंगीत छतावरून आपटलेला प्रकाश तोच रंग चेहऱ्यावर आणतो, हे लक्षात ठेवायचं. सरळ रोखलेला फ्लॅश हालचाल गोठवतो खरा, पण तो लेन्सच्या शेजारून येणारा इवलासा दिवा असल्यामुळे नाक, गाल, कपाळ सगळं एका पातळीत चपटं होतं, मागची खोली काळी पडते आणि डोळे लाल येतात. दिवसा मोठी खिडकी हाताशी असताना हे का पत्करायचं?

कुटुंबाच्या फोटोत ‘एक चेहरा पांढरा, एक काळा’ आल्याचं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारणही वरचंच अंतर. लोक खिडकीपासून आत अशी रांग लावतात: आई खिडकीजवळ, मग मूल, मग बाबा. आईवर जेवढा प्रकाश, त्याच्या पाव प्रकाश बाबांवर. रांग खिडकीला समांतर हवी, सगळे खिडकीकडे तोंड करून, आणि तुम्ही खिडकीकडे पाठ करून, किंचित बाजूला, म्हणजे तुमची सावली कुणावर पडणार नाही. या रचनेत प्रकाश थोडा सपाट येतो, पण सगळे चेहरे सारखे उजळतात.

छिद्राचंही इथे भान ठेवा. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स, एफ १.८ आणि दीड मीटर अंतर असेल तर फोकसमधला धारदार पट्टा जेमतेम १० सेंटीमीटर जाडीचा असतो. एका मुलाचा चेहरा मावतो, मांडीवरच्या बाळामागे बसलेल्या आजीचा नाही. ३ मीटरवरून एफ ४ ला हाच पट्टा साधारण ८५ सेंटीमीटर होतो. दोन ओळी असतील तर एफ ५.६ घ्या, शटर १/२०० वर आणा, आयएसओ वाढू द्या. आणि मोठ्यांना सांगून ठेवा की काहीही झालं तरी त्यांनी कॅमेऱ्याकडेच बघायचं. मूल एका सेकंदासाठी वर बघतं, आणि नेमके त्याच क्षणी आईबाबा मुलाकडे बघत ‘इकडे बघ, इकडे बघ’ करत असतात.

मोबाइलवर काढणाऱ्यांसाठी यातलं अंतराचं गणित अधिकच कडक आहे. कमी प्रकाशात फोन अनेक फ्रेम एकत्र जोडतो, आणि त्यात हलणारं मूल पुसटतं. लेन्स कापडाने पुसा, ब्यूटी फिल्टर बंद करा, चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस बांधून घ्या, झूम करण्यापेक्षा जवळ जा. पोर्ट्रेट मोड मोकळे केस आणि बोटांच्या फटींभोवती हमखास चुकतो, तेव्हा खेळणाऱ्या मुलासाठी साधा मोडच बरा.

आता एडिटिंग, जिथे तुमचा आक्षेप सर्वांत तिखट आहे. केशरी त्वचा दुरुस्त करावी लागते हे मान्य. पण ती केशरी झाली कशी? खिडकीचा उजेड ६००० केल्विनच्या (हे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका प्रकाश निळसर) आसपास आणि घरातला पिवळा दिवा २७०० ते ३०००. दोन्ही चालू ठेवले की एक गाल निळसर, दुसरा केशरी. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगाची जुळवणी) हा अख्ख्या फोटोचा एकच स्लायडर आहे, एक गाल सुधारला की दुसरा बिघडणार. मग माणूस मास्क (ठरावीक भागापुरती दुरुस्ती) रंगवत बसतो आणि चाळीस फोटोंत चाळीस वेगळ्या त्वचा तयार होतात. दिवसा फोटो काढताना खोलीतले सगळे दिवे बंद करा, एवढ्याने हे काम नव्वद टक्के उरतच नाही. हिरवट छटा बहुतेकदा खिडकीबाहेरच्या झाडीतून, हिरवळीवरून किंवा रंगीत भिंतीवरून येते, आणि हनुवटीखालची लाली मुलाच्याच लाल शर्टावरून. मुलाच्या मांडीपाशी पांढरी चादर पसरली तर दोन्ही कमी होतात आणि डोळ्यांखालच्या सावल्याही भरून निघतात.

यानंतर जे उरतं ते खरोखर साधं असतं, फक्त क्रम सोडू नये. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, असावी. आधी व्हाइट बॅलन्स, कारण फोटोचा रंग बदलला की त्याच्या उजळपणाबद्दलचं आपलं मतही बदलतं. एका फोटोत ग्रे कार्ड (रंगहीन राखाडी पुठ्ठा) धरून घेतलं तर एडिटिंगमधला रंग उचलणारा ड्रॉपर त्यावर टेकवून संपूर्ण मालिकेला तोच आकडा देता येतो. डोळ्यांच्या पांढऱ्यावर किंवा दातांवर ड्रॉपर टेकवू नका, ते कधीच पूर्ण रंगहीन नसतात. थोडी हिरवी झाक उरलीच तर टिंटचा (हिरवा ते मॅजेंटा) स्लायडर मॅजेंटाकडे ५ ते १५. मग एक्स्पोजर, मग हायलाइट्स (उजळ भाग) उणे २० ते ४०, शॅडोज (सावल्या) अधिक १५ ते ३०. सावल्या यापेक्षा जास्त उचलल्या की खिडकीचा प्रकाश कुठून आला हेच कळेनासं होतं. त्वचा अजूनही केशरी वाटली तर तापमानाचा स्लायडर निळ्याकडे ओढू नका, पांढरे कपडे निळे पडतील. केशरी रंगाचं सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) फक्त ५ ते १० ने उतरवा.

क्लॅरिटी (बारकावे उठावदार करणारा स्लायडर) मुलांच्या चेहऱ्यावर वापरू नका, गालावरचे ठिगळासारखे लालसर भाग उठून दिसतात. नॉइज रिडक्शन (दाणे निवळणारा स्लायडर) २० ते ३० च्या पुढे नेलं की त्वचा मेणासारखी होते आणि पापण्यांचे केस एकमेकांना चिकटतात. ओरखडा, शेंबूड, ओठाला चिकटलेला घास खुशाल पुसा, चार दिवसांत जाणाऱ्या गोष्टी आहेत त्या. तीळ आणि जन्मखूण राहू द्या. आणि सावळ्या मुलाला ‘उजळवू’ नका, ही कळकळीची विनंती. पांढऱ्या चादरीवर बसलेलं सावळं मूल काळोखं येतं, कारण कॅमेरा चादर बघून प्रकाश कमी करतो. त्यावर इलाज म्हणजे फोटो काढतानाच एक्स्पोजर अधिक ०.७ ते १ ठेवणं, चादर थोडी जळाली तरी चालेल. संगणकावर त्वचेचा रंगच फिका केला तर ती राखाडी आणि निर्जीव दिसते, आणि फोटोतलं मूल त्या घरातलं वाटत नाही.

शेवटचा तुमचा प्रश्न छपाईचा होता: स्क्रीनवर सुंदर, छापून काळपट. दोष बहुधा फाइलचा नसतो. पूर्ण तेजावर ठेवलेल्या स्क्रीनवर एडिट केलं की आपण फोटो नकळत गडद ठेवतो. स्क्रीनचं तेज इतकं उतरवा की शेजारी धरलेला कोरा कागद आणि स्क्रीनवरचं पांढरं साधारण सारखं वाटेल, आणि मग एक्स्पोजर पुन्हा बघा. फाइलची कलर स्पेस, म्हणजे रंग नोंदवण्याची पद्धत, एसआरजीबी ठेवा. ८ बाय १० इंचांच्या प्रतीला ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात, म्हणजे क्रॉप केल्यानंतर ७ मेगापिक्सेलच्या आसपास उरलं तरी पुरेसं आहे. सगळे फोटो छापायला देण्याआधी एकाच फोटोच्या ६ बाय ४ च्या तीन प्रती काढून घ्या: एक आहे तशी, एक ०.३ स्टॉप उजळ, एक ०.६. दिवसाच्या उजेडात बघून जी पटेल तेवढा फरक बाकी सगळ्या फाइल्सना द्या.