गोवा ३६ तासांत सुटलेला नाही

१९ डिसेंबर, म्हणजे १९६१ मध्ये गोवा पोर्तुगालच्या ताब्यातून सुटला तो दिवस, जवळ आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. यंदा तो मला चार ग्रुपांवर आला. म्हणणं असं : गोवा ही वसाहत नव्हतीच, पोर्तुगालचा प्रांत होता, गोवेकर, त्यातही ख्रिस्ती, तिथे सुखात होते, लढले ते बाहेरचे मूठभर सत्याग्रही, आणि शेवटी लष्कराने ३६ तासांत, रक्त न सांडता काम उरकलं.

आधी ‘प्रांत’ हा शब्द घेऊ, सगळी मेख तिथेच आहे. १९३० च्या कायद्यात पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने गोव्याला सरळ वसाहतच म्हटलं होतं. १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून पाटी बदलली : ‘समुद्रापलीकडचा प्रांत’. तेव्हा जगभर वसाहती सुटू लागल्या होत्या आणि भारत गोवा मागत होता. कारभार मात्र तोच राहिला. सभेला परवानगी, छापील ओळीला सेन्सॉर; लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी मंजूर करून घ्यावी लागे. मुलीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन सरकारी टेबलापुढे उभा राहणारा बाप कुठल्या प्रांताचा नागरिक? डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही ही पाटी मानली नाही. स्वयंशासन नसलेल्या पोर्तुगीज प्रदेशांच्या यादीत तिने गोव्याचं नाव घातलं.

‘ख्रिस्ती सुखात होते’ हे वाक्य वाचून मला खरोखर राग येतो. १९२८ मध्ये गोवा काँग्रेस कमिटी काढणारे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा कोण होते? १९४६ मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात धाडलं. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली, तेव्हा ते ज्यांच्या घरी पाहुणे होते ते असोळण्याचे डॉ. जुलियांव मिनेझिस. नॅशनल काँग्रेस गोवाचे अध्यक्ष पीटर आल्वारिस. मागे जायचं तर १७८७ चा पिंटोंचा उठाव आहेच. त्याच्या मुळाशी गोव्यातलेच पाद्री होते.

आणि लिबिया लोबो. त्या आणि वामन सरदेसाई नोव्हेंबर १९५५ पासून थेट डिसेंबर १९६१ पर्यंत सरहद्दीवरच्या जंगलात राहून भूमिगत रेडिओ चालवत होते, कोकणीतून आणि पोर्तुगीजमधून. सहा पावसाळे! गोवा सुटला तेव्हा याच दोघांनी विमानात बसून, ध्वनिक्षेपकावरून ती बातमी खाली गावांना ऐकवली.

‘बाहेरचे लोक’ हे अर्धं खरं आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. मे १९५५ मध्ये पंचाहत्तरीला टेकलेले सेनापती बापट आणि नानासाहेब गोरे हद्द ओलांडून आत गेले. १५ ऑगस्ट १९५५ ला नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, वीसहून अधिक माणसं मेली. सरहद्दीवरच्या पत्रादेवीला पंजाबचा कर्नेलसिंग पडला. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत पोलिस कोठडीत मारहाणीने जीव गेला तो बाळा राया मापारी अस्नोड्याचा होता. तो कुठून ‘बाहेरून’ आला होता? दिल्लीने सत्याग्रहींना हद्द बंद केली आणि पुढे सहा वर्षं लष्कर हलवलं नाही, ही टीका मात्र रास्त आहे. तिच्याशी माझं भांडण नाही.

आता ते ३६ तास. अंजदीव बेटावर नौदलाचे सात जण मारले गेले. मेजर शिवदेवसिंग सिद्धू आग्वाद किल्ल्यावर पडले. तिथल्या राजकीय कैद्यांना सोडवायला ते गेले होते. ‘रक्त न सांडता’ असं लिहिणाऱ्याने या दोन ठिकाणी एकदा जाऊन यावं.

शिवाय घड्याळ सगळ्यांसाठी थांबलं नव्हतं. सांगलीचे मनोहर आपटे गोव्यात मराठी शिकवायला गेले आणि आझाद गोमंतक दल या सशस्त्र लढा देणाऱ्या संघटनेत मोहन रानडे झाले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलिस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून ते पकडले गेले; शिक्षा २६ वर्षं. पणजीत तिरंगा चढला तेव्हा ते लिस्बनजवळच्या काशियसच्या तुरुंगात होते. ते सुटले जानेवारी १९६९ मध्ये. गोव्याचेच कवी आणि स्वातंत्र्यसैनिक तेलो मास्कारेन्हस तर त्यांच्याही नंतर, १९७० मध्ये.