‘मान्य आहे’ दाबलं म्हणजे सगळं संपलं असं नाही

ॲप उघडलं की पडदाभर बारीक मजकूर येतो आणि खाली ‘मान्य आहे’ हे एकच ठळक बटण असतं. ते न वाचता दाबणाऱ्यांना नेहमी ऐकवलं जातं की वाचलं नाहीत ना, मग आता भोगा. मला हे अजिबात पटत नाही. आणि आता तर कायद्यालाही ते पटलेलं नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मधलं कलम ६ प्रत्येकाने एकदा तरी वाचावं. त्यात एक उदाहरण कायद्यातच दिलेलं आहे. एक बाई डॉक्टरांचा ऑनलाइन सल्ला देणारं ॲप डाउनलोड करते. ॲप दोन गोष्टींसाठी सहमती मागतं: उपचारासाठी लागणारी माहिती आणि फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्ट. ती दोन्हींना हो म्हणते. तरीही कायद्याच्या दृष्टीने तिची सहमती फक्त उपचाराच्या माहितीपुरतीच धरली जाते, कारण डॉक्टरचा सल्ला द्यायला कॉन्टॅक्ट लिस्ट लागत नाही. बटण दाबलं होतं, तरीसुद्धा.

त्याच कलमात दुसरं उदाहरण विम्याचं आहे. ‘मी डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार करणार नाही’ असं अटींमध्ये घुसवून ग्राहकाची सही घेतली, तर तेवढा भाग रद्द. आणि वाद झालाच तर कोणती माहिती कशासाठी घेतोय याची नोटीस दिली होती आणि सहमती रीतसर घेतली होती, हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर आहे, तुमच्यावर नाही. माझ्या मते सामान्य माणसासाठी या कायद्यातली सगळ्यात मोलाची ओळ हीच.

आता तारखा नीट लक्षात घ्या, कारण यात फार गोंधळ आहे. कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी ऑगस्ट २०२३ मध्ये मिळाली. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि तेही टप्प्याटप्प्याने लागू होणारे. मंडळाच्या स्थापनेची कलमं लगेच लागू झाली. नोटीस, सहमती, माहिती मागण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क, दंड, म्हणजे आपल्या कामाचं जवळजवळ सगळं, अधिसूचनेनुसार अठरा महिन्यांनी, मे २०२७ मध्ये लागू होतं. त्यामुळे ‘नवा कायदा आला, आता कंपनीला कोर्टात खेचा’ असे जे मेसेज फिरतात ते पुढे पाठवू नका.

मग तोवर काय? तोवर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ अ आणि त्याखालचे २०११ चे नियम आहेत. त्यांत पासवर्ड, बँक खातं आणि कार्डाचे तपशील, आरोग्याची माहिती, वैद्यकीय नोंदी, बोटांचे ठसे यांसारखा ‘संवेदनशील’ डेटा येतो. तो दुरुस्त करून घेता येतो, दिलेली सहमती लेखी मागे घेता येते, आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. पण या यादीत मोबाइल नंबर नाही! ज्या एका गोष्टीचा सगळ्यात जास्त बाजार होतो, तीच यादीबाहेर. नव्या कायद्यात ही भानगड नाही. तुमची ओळख पटेल अशी कुठलीही डिजिटल माहिती त्यात धरली आहे.

नंबरावरूनच सांगते. दुकानात बिलासाठी नंबर मागतात आणि दिला नाही तर बिल निघत नाही म्हणतात. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने किरकोळ विक्रेत्यांना स्पष्ट कळवलं की नंबरासाठी अडून बसू नका, ती अनुचित व्यापार पद्धत ठरते. ‘नंबर द्यायचा नाही, छापील बिल द्या’ एवढं वाक्य पुरतं. नव्या कायद्यातही याला जोडून औषध दुकानाचं उदाहरण आहे: पैसे मिळाल्याची पोच मेसेजने पाठवा म्हणून नंबर दिला, तर तो पोच पाठवण्यापुरताच वापरायचा. उद्या त्यावर सेलचे मेसेज आले तर ते त्या उद्देशात बसत नाहीत.

कर्ज देणाऱ्या ॲपबद्दल मात्र थांबायचं कारणच नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम आजच लागू आहे. बँक किंवा बिगरबँक वित्त कंपनीसाठी काम करणाऱ्या कर्ज ॲपला तुमच्या फाइल्स, फोटो, कॉन्टॅक्ट लिस्ट आणि कॉल लॉग बघता येत नाहीत. कॅमेरा, माइक किंवा लोकेशन हे केवायसीपुरतं, एकदाच, तुमची स्पष्ट परवानगी घेऊन वापरता येतं. त्यामुळे कर्ज ॲपने कॉन्टॅक्टची परवानगी मागितली तर तिथेच थांबा. हप्ता चुकला की नातेवाइकांना, ऑफिसातल्या लोकांना फोन जातात, मॉर्फ केलेले फोटो पाठवले जातात, ते याच एका परवानगीच्या जोरावर. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर डिजिटल कर्ज ॲपची यादी आहे, त्यात नाव आहे का ते आधी बघा. छळ सुरू झालाच तर आधी स्क्रीनशॉट आणि कॉल रेकॉर्ड जपून ठेवा, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. ॲप नको झालं की लोक ते अनइन्स्टॉल करतात आणि विषय मिटला असं समजतात. अनइन्स्टॉल केल्याने फक्त तुमच्या फोनमधलं ॲप जातं. कंपनीच्या सर्व्हरवरचं खातं, पत्ते, जुन्या ऑर्डर, अपलोड केलेली कॉन्टॅक्ट लिस्ट सगळं जागच्या जागी असतं. क्रम उलटा हवा. आधी ॲपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘सिंक केलेले कॉन्टॅक्ट’ असा पर्याय असेल तर ते पुसा. कॉन्टॅक्टची परवानगी काढून घेतली तरी आधी वर गेलेली यादी आपोआप पुसली जात नाही, आणि ती यादी तुमची एकटीची नाही, त्यात दुसऱ्यांचे नंबर आहेत. मग हवा असेल तर स्वतःचा डेटा डाउनलोड करून घ्या. मग जाहिरातींची सहमती काढा, कार्ड आणि ऑटोपे काढा. मग ‘डिलीट अकाउंट’. डिॲक्टिव्हेट नाही, डिलीट. हे दोन पर्याय मुद्दाम शेजारीशेजारी ठेवलेले असतात. खातं बंद झाल्याचा ईमेल आला की मगच अनइन्स्टॉल.

डिलीटचा पर्याय सापडत नसेल तर ॲपलने जून २०२२ पासून ॲपच्या आतच तो देणं सक्तीचं केलं आहे. गुगल प्ले स्टोअरचाही तोच नियम आहे, आणि तिथे ॲप काढून टाकल्यावरही वेबवरून खातं बंद करता यावं अशी लिंक द्यावी लागते. प्ले स्टोअरवर ॲपच्या पानावर ‘डेटा सेफ्टी’ म्हणून भाग असतो, ती लिंक तिथे बघा. मात्र त्या भागात बाकी जे लिहिलेलं असतं ते ॲप बनवणाऱ्याने स्वतःच भरलेलं असतं, एवढं ध्यानात ठेवा.

महिन्यातून एकदा पाच मिनिटं काढून अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात परमिशन मॅनेजर उघडा. ॲपनुसार नाही, परवानगीनुसार बघा: लोकेशन कोणाकोणाला, माइक कोणाला, कॉन्टॅक्ट कोणाला. शेजारी प्रायव्हसी डॅशबोर्ड असतो, त्यात कोणत्या ॲपने किती वाजता माइक किंवा लोकेशन वापरलं ते दिसतं. रात्री अडीच वाजता टॉर्चचं ॲप लोकेशन घेताना दिसलं, तर आणखी कुठला पुरावा हवा? आयफोनवर हेच ‘ॲप प्रायव्हसी रिपोर्ट’मध्ये मिळतं, पण ते आधी चालू करावं लागतं.

नवी कलमं लागू झाल्यावर खरी ताकद कंपनीला पाठवलेल्या पत्रात असेल. आजही पाठवायला हरकत नाही, अनेक मोठ्या कंपन्या उत्तर देतात. मजकूर एवढाच पुरे:

‘याच ईमेलवरून आपल्याकडे माझे खाते आहे. माझी कोणती वैयक्तिक माहिती आपल्याकडे आहे आणि ती कशासाठी वापरली जाते, याचा गोषवारा द्यावा. ती कोणकोणत्या संस्थांना दिली, त्यांची नावे आणि दिलेल्या माहितीचे वर्णन कळवावे. जाहिरात व प्रचारासाठी दिलेली सहमती मी आजपासून मागे घेत आहे. सेवेसाठी आवश्यक नसलेली माहिती पुसून तसे लेखी कळवावे. जी ठेवणार असाल, ती कोणत्या कायद्यानुसार आणि किती काळ, हे नमूद करावे.’

यातलं तिसरं वाक्य वगळू नका. कंपनीकडे काय आहे हे आपल्याला साधारण माहीत असतं, तिने पुढे कुणाला दिलं हे माहीत नसतं. कलम ११ मध्ये ती नावं मागण्याचा हक्क आहे. तो सहमतीवर घेतलेल्या माहितीपुरता आहे, पण आपला रोजचा बहुतेक व्यवहार त्यातच येतो.

पत्र फसतं कुठे? दुसऱ्याच ईमेलवरून पाठवलं की ‘ओळख पटत नाही’ असं उत्तर येतं. म्हणून खात्याला जोडलेल्या ईमेलवरूनच पाठवा. ओळख पटवायला आधारचा फोटो मागितला तर देऊ नका. माहिती कमी करायला निघालोय, वाढवायला नाही. द्यावाच लागला तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या. दुसरं, लोक फोनवर किंवा चॅटबॉटवर तक्रार करतात आणि हातात काहीच उरत नाही. ईमेल पाठवा, तक्रार क्रमांक मागा, तारीख लिहून ठेवा. नवी कलमं लागू झाली की नव्या नियमांनुसार कंपनीला तक्रार सोडवायला जास्तीत जास्त ९० दिवस असतील. कंपनीकडे न जाता थेट मंडळाकडे जाता येत नाही, त्यामुळे हे ९० दिवस मोजायला पहिल्या ईमेलची तारीख लागते. मंडळाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत अपील टीडीसॅटकडे, म्हणजे दूरसंचार वाद निवारण आणि अपील न्यायाधिकरणाकडे.

सगळं पुसलं जाईल अशी अपेक्षाही ठेवू नका. केवायसीच्या नोंदी बँकेला व्यवहार संपल्यानंतरही पाच वर्षं ठेवाव्याच लागतात. नव्या नियमांत काही डेटा आणि लॉग, म्हणजे वापराच्या नोंदी, किमान एक वर्ष ठेवण्याची अट आहे. ‘कायद्याने ठेवावं लागतं’ हे उत्तर खरं असू शकतं, म्हणूनच पत्रात कोणता कायदा ते विचारायचं. आणि सहमती मागे घेतली म्हणून आधी झालेला वापर बेकायदा ठरत नाही. मात्र सहमती काढणं हे देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे, असं कायदा सांगतो. एका टिचकीत दिली आणि काढायला सात पडदे आणि एक फोन, हे चालणार नाही.

कलमं लागू झाली की जुन्या खात्यांच्याही नोटिसा येऊ लागतील, कारण आधी घेतलेल्या सहमतीबद्दलही कंपनीने कळवायचं आहे, आणि तुम्ही गप्प राहिलात तर वापर चालू राहू शकतो. ते ईमेल कचऱ्यात टाकू नका. त्यात कोणती माहिती, कशासाठी, हे एकेक करून लिहिलेलं असायला हवं, आणि सहमती मागे घेण्याची लिंक असायला हवी. शिवाय ती नोटीस राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत मागता येईल. मराठीत मागा. घरातल्या मोठ्यांच्या फोनवर तर नक्की मागा.

कायद्याचं कौतुक इथवर. पुढचं मनापासून खटकतं. डेटा सांभाळण्यात हयगय केली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे, पण तो जातो भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला एक रुपया नाही. उलट नुकसानभरपाई देणारं कलम ४३ अ नवी व्यवस्था लागू होताच वगळलं जाणार आहे. खोटी तक्रार केली तर आपल्याला मात्र दहा हजारांपर्यंत दंड. सरकार आपल्या यंत्रणांना या कायद्यातून पूर्ण सूट देऊ शकतं. आणि नागरिकांचे हक्क मे २०२७ पर्यंत थांबले असताना माहिती अधिकार कायद्यातला बदल नोव्हेंबर २०२५ मध्येच लागू झाला: वैयक्तिक माहिती नाकारण्याच्या कलम ८(१)(जे) मधली अट आणि जनहिताचा उल्लेख काढून ‘वैयक्तिक माहिती’ एवढ्यावरच नकार देण्याची सोय झाली. खासगीपणाच्या नावाने पहिलं दार बंद झालं ते नागरिकाचं. माहिती अधिकाराचा अर्ज करणाऱ्यांनी यापुढे कलम ८(२) चा उल्लेख करून जनहित काय आहे ते अर्जातच लिहावं, तो रस्ता अजून उघडा आहे.

शेवटचं, छोटं पण आजच करण्यासारखं. नवी कलमं लागू झाली की डेटा फुटल्यावर कंपनीने तुम्हाला विनाविलंब कळवायचं आहे, काय फुटलं, कधी, आणि तुम्ही काय करावं यासकट. ते कळवणार तुमच्या खात्यावर किंवा नोंदवलेल्या नंबर-ईमेलवर. बंद झालेला जुना नंबर किंवा कॉलेजातला न उघडलेला ईमेल तिथे असेल तर तो निरोप तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. बँक, विमा, दवाखाना आणि शाळा या चार ठिकाणचे नंबर आणि ईमेल आधी बघून घ्या.