‘सेट’ला 430 अर्थ? आकडा जुना झाला

‘सेट’ हा इंग्रजीतला सर्वाधिक अर्थांचा शब्द, त्याला 430 अर्थ, असा मेसेज फिरतोय. हा आकडा ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या 1989च्या आवृत्तीतला, तोही फक्त क्रियापदाचा. पुढच्या सुधारणेत ‘रन’ क्रियापद 645 अर्थांसह पुढे गेलं. यात बारीक पोटअर्थही मोजलेले असतात.

मेसेजातला ‘समानार्थी शब्द कुठेही चालतात’ हा सल्ला तर सरळ चुकीचाच. ‘सेट द अलार्म’ म्हणजे गजर लावा. ‘फिक्स द अलार्म’ म्हटलंत तर ऐकणारा घड्याळ दुरुस्तीला नेईल. सिमेंटचंही तसंच: ‘सेट’ म्हणजे आळणं, ‘हार्डन’ म्हणजे नंतर दिवसेंदिवस मजबुती येणं. आळलेल्या स्लॅबवर लगेच भार टाकला तर तडे जातात. म्हणून शब्द बदलण्याआधी तो कशाबद्दल वापरलाय ते बघा.