तेरा मिलिमीटर उंच

टायरच्या बाजूवर जो आकडा लिहिलेला असतो, तो ठरवणारे तिघेजण असावेत आणि तिघांचं आपसात बोलणं बंद असावं, असा मला संशय आहे. उदाहरणार्थ, १८५/६५ आर १५. यातले १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. १५ म्हणजे ज्यावर टायर चढतो त्या आतल्या डिशचा व्यास, इंचांत. आणि मधले ६५? ते ना मिलिमीटर, ना इंच. ते टक्के. म्हणजे टायरच्या बाजूची उंची ही त्याच्या रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल, टायरच्या आतल्या बांधणीचा प्रकार; तो बिचारा या भांडणात नाही. वर पुन्हा ८८ एच असं शेपूट. ८८ म्हणजे त्या टायरवर ५६० किलोपर्यंत भार चालतो आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर वेगापर्यंत तो टिकाव धरतो. माझी गाडी कड्यावरून ढकलली तरी २१० गाठेल की नाही शंका आहे, पण टायरची तयारी आहे हे वाचून बरं वाटतं.

आमच्या गाडीचे चारही टायर गोटा झाले, तेव्हा या आकड्यावर घरात चर्चासत्र भरलं. माझं म्हणणं एका ओळीचं होतं : होते तेच टाकू. पण मला एक चुलतभाऊ आहे. त्याला गाडीतलं सगळं कळतं, फक्त त्याच्याकडे गाडी नाही.

"दादा, एक साइज मोठं टाक. मग रोडग्रिप बघ!"

लहान मुलाला बूट घेताना पाय वाढणार म्हणून एक नंबर मोठा घेतात ना, तसला उत्साह त्याच्या आवाजात होता. गाडीचा पाय वाढत नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं, पण तोवर त्याने आकडाही ठरवला होता : २०५/६५ आर १५.

बायकोने कागद ओढला. जुन्या टायरची बाजू १८५ चे ६५ टक्के, म्हणजे १२० मिलिमीटर. वरची एक, खालची एक, मिळून २४०. मध्ये पंधरा इंची डिश, म्हणजे ३८१. एकूण उंची ६२१. नव्या टायरची, त्याच रीतीने, ६४७. "२६ मिलिमीटर जास्त. चार टक्के," ती म्हणाली. "एकूण उंचीतला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा म्हणतात."

"तीन आणि चारमध्ये असा काय फरक आहे, वहिनी?"

"एका टक्क्याचा."

इथे विषय संपला असता. पण कोपऱ्यातून बाबांनी विचारलं, "मोठ्या टायरने गाडी उंच होते का रे?" बाबांच्या गुडघ्यांचं आणि आमच्या गाडीच्या सीटचं पहिल्यापासून पटत नाही. उंची २६ ने वाढली तरी गाडी उचलली जाणार निम्म्याने, म्हणजे १३ मिलिमीटर, कारण वाढलेला अर्धा भाग चाकाच्या मधल्या दांड्याच्या वर राहतो, हे बायकोने समजावून सांगितलं. बाबा म्हणाले, "तेरा तर तेरा. माझ्या गुडघ्याला तेवढेही पुष्कळ." दोन विरुद्ध दोन अशी मतं पडली आणि बाबांचं मत आमच्या घरात दोन धरतात.

नवे टायर बसले. दिसायला गाडी खरोखर रुबाबदार झाली. पूर्वी चाक आणि वरची कमान यांच्यामध्ये जी पोकळी दिसायची, ती भरून आली. चुलतभावाने गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढले. मी गाडी बाहेर काढायला स्टिअरिंग पूर्ण कापलं आणि पुढच्या चाकातून आवाज आला : खर्रर्र.

त्या कमानीच्या आत काळ्या प्लास्टिकचं एक अस्तर असतं. ते तिथे आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. त्याच्याशी ओळखच मुळी अशी आवाजातून झाली. पुढचं चाक वर-खालीही होतं आणि डावी-उजवीकडेही वळतं. या दोन्ही हालचालींना पुरेल एवढी जागा गाडी आखणाऱ्याने सोडलेली असते, पण ती त्याच्या टायरला पुरेल एवढी. माझ्या चुलतभावाच्या टायरला नव्हे. आमचा टायर आतल्या बाजूला १० मिलिमीटर, बाहेरच्या बाजूला १० आणि घेराकडे १३ असा तिन्हीकडून वाढला होता. सरळ जाताना याचा कुणालाच त्रास नव्हता. वळताना मात्र टायरचा खांदा नेमका त्या अस्तराच्या कोपऱ्यात घुसत होता.

टायर बसवणाऱ्याने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग फुल कापू नका ना स्टिअरिंग."

हा उपाय बिनखर्चाचा होता हे मान्य. मी तो अमलातही आणला. पूर्वी जिथे गाडी एका दमात वळायची, तिथे आता पुढे, मागे, पुन्हा पुढे असं करत वळते आणि तेवढ्यात मागे चार हॉर्न जमा होतात. चुलतभावाचं मत वेगळं. तो म्हणाला, "दादा, तू कापत राहा. घासून घासून प्लास्टिक आपली जागा करून देईल." एवढा आशावाद मी फक्त त्याच्याच ठायी पाहिला आहे.

मागच्या चाकांना वळायचं नसतं, त्यामुळे ती गुण्यागोविंदाने राहतील असं वाटलं होतं. पण मागच्या सीटवर तिघे बसले आणि गाडी गतिरोधकावरून उतरली की तिथूनही एक दबका 'फर्र' येऊ लागला. प्रत्येक 'फर्र'नंतर मागचे तिघेही खिडकीबाहेर बघू लागले. कोणामुळे घासतंय, हे सगळ्यांना माहीत होतं आणि बोलायची सोय नव्हती. मग बायकोने युक्ती काढली. "मामा, तुम्ही पुढे बसा, पुढून सगळं छान दिसतं." मामा खूश. तेव्हापासून मामा पुढे, आई मागे, आणि मामांना आपला घरातला मान अचानक का वाढला याचं कोडं आहे.

बायको पहिल्यांदा ती गाडी चालवून आली आणि किल्ली टेबलावर ठेवत म्हणाली, "हिला वळ म्हटलं की आधी विचार करते." मला वाटलं टोमणा आहे, पण ते निदान होतं. टायरची बाजू १२० वरून १३३ मिलिमीटर झाली, म्हणजे डिश आणि रस्ता यांच्यामध्ये वाकणारं रबर तेवढं वाढलं. स्टिअरिंग फिरवलं की आधी हे रबर दुमडतं आणि मग गाडी वळते. शिवाय आमची डिश जुन्या टायरच्या मापाची. तिच्यावर रुंद टायर चढवल्यावर त्याची गालफडं दोन्हीकडे बाहेर आली आणि तो आणखीच डुलू लागला. जागेवरच्या जागेवर स्टिअरिंग फिरवायलाही जड झालं होतं. याच रबराने खड्डे मात्र पूर्वीपेक्षा बरे पचवले, हेही सांगायला हवं. बाबा म्हणाले, "गाडी मऊ झाली." एकाच १३ मिलिमीटरबद्दल एका घरात दोन मतं होती आणि दोन्ही खरी होती.

पिकअपचंही तेच. इंजिन तेच, गिअर तेच, पण चाक मोठं झाल्यामुळे रस्त्याला मिळणारा जोर चार टक्के कमी. चार टक्के म्हणजे काही नाही, असं मी कागदावर पाहून म्हणालो असतो. पण चढावर, थांबलेल्या गाडीत, पाच माणसं असताना ते चार टक्के कुठे गेले ते बरोबर कळतं. जो चढ पूर्वी दुसऱ्या गिअरमध्ये निघायचा, तिथे आता पहिला टाकावा लागतो. उलट मोकळ्या हमरस्त्यावर इंजिन तेवढ्याच वेगाला कमी फिरतं. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या ठिकाणी २,८८०. गाडी निवांत वाटते. चुलतभाऊ नेहमी हमरस्त्याबद्दलच बोलतो.

माझा खरा छळ वेगळ्याच बाजूने झाला. मी इंधनाची वही ठेवणारा माणूस आहे. टाकी पूर्ण भरायची, किलोमीटर लिहायचे, भागाकार करायचा. माझ्या या सवयीला घरात कोणी मान देत नाही, पण वही आहे. नव्या टायरनंतर वहीतलं ॲव्हरेज पडलं. एकदा पडलं, दोनदा पडलं, मी अस्वस्थ. रुंद टायरला ओढायला जास्त ताकद लागते, हे खरंच. पण एवढं पडावं?

"अरे, गाडी किलोमीटर मोजते कशी?" बायकोने विचारलं. "चाकाच्या फेऱ्या मोजून. चाक मोठं झालंय हे तिला कोणी सांगितलंय का?"

कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही १०० किलोमीटर गेलो की गाडी ९६ नोंदवत होती. उरलेले चार आम्ही गेलो, इंधन जाळलं, पण वहीत ते कुठेच नव्हते. म्हणजे ॲव्हरेजची निम्मीशिम्मी पडझड टायरची आणि उरलेली नुसती आकड्यांची. आता मी प्रत्येक आकड्याला १.०४ ने गुणतो. वहीत तेवढ्यासाठी एक नवा रकाना आखला आहे. त्यातही एक समाधान आहे. मी रोज पूर्ण एका दिवसाने म्हातारा होतो, गाडी मात्र चार टक्के सवलतीत.

वेगाच्या काट्याचा किस्सा तर उलटाच. काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये, जास्त दाखवला तर थोडा चालेल, असा त्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. म्हणून कंपन्या तो मुळातच थोडा चढा ठेवतात. पूर्वी काटा ८० वर असला की फोनवरचं जीपीएस ७५-७६ सांगायचं. आता काटा ८० म्हणतो आणि फोनही ८० च्या आसपासच म्हणतो. चुलतभाऊ टाळी देत म्हणाला, "दादा, बघ, काटा खरं बोलायला लागला!" कंपनीने माझ्या सुरक्षिततेसाठी ठेवलेली सगळी शिल्लक आम्ही टायरमध्ये खर्च करून टाकली होती, एवढाच त्या खरेपणाचा अर्थ.

पावसाबद्दल थोडक्यात. रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, त्यामुळे साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगू बघतो. मी पावसात हळू चालवतो, पूर्वीही हळूच चालवायचो. हवेबद्दलही थोडक्यात. किती भरायची ते दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलंय, पण ते जुन्या मापाचं. नव्याचा आकडा ज्याला विचारावा तो वेगळा सांगतो आणि ठामपणे सांगतो.

आणि मग एक टायर पंक्चर झाला. डिकीत स्टेपनी होती. १८५ ची. चार मोठ्यांच्या घरात ती एकटी जुन्या मापाची राहिली होती, कारण चारच टायर बदलायचे असं ठरलं होतं. ती पुढे लावली, गाडी जॅकवरून उतरली आणि एका खांद्याने किंचित कलली. एकाच दांड्यावरची दोन चाकं चार टक्क्यांनी लहान-मोठी असली की सरळ रस्त्यावरही एक जास्त फिरतं, एक कमी. वळताना दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारं जे गिअरचं जोडकाम मध्ये असतं, त्या डिफरन्शियलला वाटतं आपण सतत वळतोच आहोत. त्याला क्षणाची विश्रांती नाही. म्हणून हळूहळू, जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंतच जायचं. तेवढंही जमलं असतं, पण काढलेला टायर डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात बसेना. खड्डा १८५ साठी खोदलेला. वरचं झाकण टायरवर उभंच राहिलं. चुलतभाऊ त्या झाकणावर बसून बघू लागला. झाकण बसलं नाही, तो मात्र बसून राहिला आणि तिथूनच त्याला पुढचं सुचलं.

"दादा, काळजी करू नकोस. टायर झिजत जाणार, म्हणजे लहान होत जाणार. काही दिवसांनी आपोआप जुन्या मापाला येतील!"

घरी आल्यावर बायकोने पुन्हा कागद ओढला. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल. ती १.६ उरली की टायर बाद. म्हणजे घेरावर सव्वासहा-साडेसहा मिलिमीटर झिजणार, वरून आणि खालून धरून तेरा. "पूर्ण गोटा झाले तरी जुन्या मापाच्या कोऱ्या टायरपेक्षा १३ ने मोठेच," ती म्हणाली. "गाडी साडेसहाने खाली येईल, बाकी घासाघीस तशीच."

बाबा इतका वेळ पेपरमागे होते. पेपर खाली आला.

"म्हणजे माझ्या तेरातले साडेसहा जाणार?"

"हळूहळू, बाबा. जशी गाडी चालेल तसे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किल्ली शोधत होतो. ती बाबांच्या खिशात होती.

"कुठे चाललास?"

"इथेच, कोपऱ्यापर्यंत."

"मग चालत जा," बाबा म्हणाले. "उगाच माझी उंची झिजवू नकोस."