लॉग सायडिंग म्हणजे ओंडक्यांची भिंत नव्हे

अमेरिका-कॅनडातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर घरबांधणीचा एक फॉरवर्ड सारखा फिरतोय. त्याचा गोषवारा असा: घराला बाहेरून लाकडी लॉग सायडिंग लावा. ओंडक्यांच्या घराची ऊब मिळते, त्यामुळे इन्सुलेशनवर खर्च नको. फळ्या थेट भिंतीवर ठोका, मागे फट ठेवलीत तर किडे घर करतील. सीडर नावाचं लाकूड घेतलं की ना कूज, ना वाळवी. वर चकचकीत वॉर्निशचे दोन हात दिले की जन्मभर बघायला नको. आणि जाड लाकूड सहजासहजी पेटत नाही, म्हणून वणव्याचीही भीती नाही. मुळशीला, पाचगणीला प्लॉट घेतलेल्या नातेवाइकांनाही आता हाच मजकूर पाठवला जातोय, म्हणून हे उत्तर.

आधी वस्तू काय आहे ते बघू. लॉग सायडिंग ही बाहेरून अर्धगोल कापलेली फळी असते. मागची बाजू सपाट, एका कडेला जीभ, दुसरीला खाच. एकीत दुसरी बसवत भिंत झाकली की लांबून ओंडके रचल्यासारखं दिसतं. घराचा भार मात्र मागची लाकडी चौकट पेलते. ही फळी नुसतं आवरण आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ओंडक्यांच्या भिंतीचे गुण या आवरणाला चिकटवले आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

ऊबेचा मुद्दा आकड्यांतच निकालात निघतो. पाइन, सीडरसारख्या लाकडाची उष्णता अडवण्याची क्षमता दर इंचाला साधारण सव्वा ‘आर’ (हे इन्सुलेशन मोजायचं माप; आकडा जितका मोठा, तितकी ऊब जास्त टिकते). बाजारात ज्याला २ बाय ८ म्हणतात ती फळी जाडीला जेमतेम दीड इंच, कडांना त्याहून पातळ. म्हणजे हिशोब दोन आरच्या आत. ६ इंची चौकटीत भरलेलं फायबरग्लास १९ ते २१ आर देतं. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या थंडीत ते वगळून फक्त फळीवर विसंबणाऱ्याचं पहिल्या हिवाळ्यातलं गॅसचं बिल बघण्यासारखं असेल.

फॉरवर्डमधला सर्वांत महाग पडणारा सल्ला मात्र ‘थेट ठोका’ हा आहे. लाकडी आवरणातून पाणी कधी ना कधी आत जातंच. सांध्यातून, खिडकीच्या कडेतून, वाऱ्याने उलटं चढून. फळी मागच्या भिंतीला चिकटलेली असेल तर ते पाणी दोन सपाट पृष्ठांच्या मध्ये अडकून बसतं. वर ऊन पडलं की भिजलेल्या फळीतली वाफ आतल्या बाजूलाही ढकलली जाते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या आत राहिला तर कुजवणाऱ्या बुरशीचं काही चालत नाही. तो बराच काळ २५-३० टक्क्यांवर राहिला की फळीही जाते आणि मागची प्लायही.

हे नुसतं पुस्तकी नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून कॅनडातल्या व्हँकूव्हर आणि आसपासच्या हजारो कॉन्डोंच्या, म्हणजे मालकीच्या फ्लॅटांच्या, भिंती आतून कुजल्या. त्या प्रांताचे, ब्रिटिश कोलंबियाचे, माजी प्रीमियर (मुख्यमंत्र्यासारखं पद) डेव्ह बॅरेट यांच्या आयोगाने १९९८ मध्ये त्यावर अहवाल दिला. तिथलं आवरण बहुतांशी स्टकोचं, म्हणजे बाहेरच्या गिलाव्याचं, होतं, पण रोग हाच: आवरण भिंतीला चिकटलेलं, आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नाही. छपराचा पाखा जितका आखूड, तितकी भिंतीची दुर्दशा जास्त, हेही तिथल्या पाहणीत दिसलं. आपल्याकडे वळचण लांब ठेवून पागोळ्या भिंतीपासून दूर पाडायची रीत आहे, तिचं कारण कोकणातल्या कुठल्याही गवंड्याने सांगितलं असतं.

म्हणून क्रम असा असावा. चौकटीवर प्लाय, त्यावर हाऊसरॅप (पाणी अडवणारं पातळ आवरण), खिडक्या-दारांच्या डोक्यावर पाणी बाहेर वळवणारं पत्र्याचं फ्लॅशिंग, मग प्रत्येक उभ्या खांबावर १० ते २० मिमी जाडीच्या पट्ट्या आणि त्यांच्यावर फळी. पट्ट्यांमुळे सुटलेली पोकळी खाली आणि वर उघडी, दोन्ही तोंडांना बारीक जाळी. किड्यांची भीती या जाळीने संपते. फळ्या ठोकण्याआधी काही दिवस साइटवर छपराखाली, हवा खेळेल अशा रचून ठेवाव्यात. सहाही बाजूंना स्टेन (लाकडात मुरणारा रंग) लावून घ्यावा, कापलेल्या टोकांना तर नक्कीच, कारण लाकूड सर्वांत जास्त पाणी टोकातून पितं. नेमकं हेच कामगार टाळतात. करवत चालवणाऱ्याच्या शेजारी स्टेनचा डबा आणि ब्रश नसेल तर काम थांबवायला हरकत नाही.

खिळ्यांबद्दल फॉरवर्ड गप्प आहे. साधारण सात इंच रुंदीची पाइनची फळी १९ टक्के ओलाव्यावरून ९ वर आली की तीन-चार मिलिमीटर आकसते. वरून खाली दोन्ही कडांना खिळे मारून तिला जखडली तर ती मधोमध तडकते. एक खिळा दोन फळ्यांतून आरपार जाता कामा नये. सीडर असेल तर स्टेनलेस स्टीलच घ्यावं, साध्या लोखंडाशी त्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य भिडलं की भिंतीवर काळे-निळे ओघळ उतरतात.

सीडर अमर असल्याचा दावा अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त फसवतो. वेस्टर्न रेड सीडरच्या गाभ्यात थुजाप्लिसिन नावाची द्रव्यं असतात आणि ती बुरशीला आवरतात. पण गाभ्यातच. सालीजवळचं फिकट लाकूड कुठल्याही झाडाचं असो, ते टिकाऊ नसतं. गठ्ठ्यात अशा फिकट कडांच्या फळ्या किती आहेत ते उलगडून बघावं. कार्पेंटर बी नावाची भुंग्यासारखी माशी तर सीडरलाही अर्ध्या इंचाची गोल भोकं पाडते. शिवाय सीडरमधली पाण्यात विरघळणारी द्रव्यं काही हाऊसरॅपची पाणी अडवण्याची ताकद कमी करतात. फट का हवी याचं हे आणखी एक कारण.

वाळवीचं गणित आपल्याकडे तर आणखी वेगळं. वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या बांधत वर येते. सीडर तिला आवडलं नाही तरी मागच्या पट्ट्या साध्या पाइनच्या असल्या की मेजवानी तिथे. अमेरिकेत सर्वांत खालची फळी जमिनीपासून किमान सहा ते आठ इंच वर ठेवायला सांगतात. पाचगणीच्या पावसात उडणारे शिंतोडे बघता मी दीड-दोन फूट म्हणेन. जांभ्याचं उंच जोतं आणि लाकूड वळचणीच्या आत, ही जुनी कोकणी मांडणी त्याचसाठी होती. मुळशीत चार महिने भिजणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर, पाखा न वाढवता लाकडी आवरण लावायचंच असेल, तर ते दर काही वर्षांनी बदलायची तयारी ठेवावी.

वॉर्निशचं थोडक्यात. पारदर्शक थरातून अतिनील किरण आत जातात आणि लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन मोडतात. खालचा पाया सुटला की वरचा थर पापुद्र्यांनी निघतो आणि नव्याने द्यायचा तर आधी सगळा खरवडावा लागतो. रंगद्रव्य असलेला, लाकडात मुरणारा स्टेन पुसट होतो पण सोलवटत नाही. साधारण ३ ते ५ वर्षांनी नवा हात द्यावा लागतो, दक्षिण आणि पश्चिमेकडच्या भिंतींना त्याहून आधी. देखभाल नकोच असेल तर लाकडाच्या वाटेला जाऊ नये.

आगीचा दावा धोकादायक आहे. लाकूड तासाला साधारण दीड इंच या गतीने कोळसा होत जातं. १० इंची ओंडक्याचा बाहेरचा थर कोळसला तरी गाभा उभा राहतो, हे खरं. सायडिंगची सगळी जाडीच दीड इंच. कॅलिफोर्नियाने २००८ पासून वणव्याच्या पट्ट्यासाठी जे बांधकाम नियम लागू केले त्यांत भरीव ओंडक्यांच्या भिंतीला मान्यता होती. पातळ लाकडी आवरणाला मात्र तशी सरसकट मान्यता नव्हती, अग्निरोधक प्रक्रिया किंवा ज्वाळेची चाचणी अशा अटी होत्या. दिसायला एकसारख्या दोन भिंती नियमाने वेगळ्या धरल्या. वाऱ्यावर उडत येणारे निखारे सांध्यात, कोपऱ्यात साठतात आणि मागची पोकळी त्यांना हवा पुरवते. अशा भागात मी लाकडी सायडिंग सुचवणार नाही, पोकळी ठेवूनही आणि न ठेवूनही.

मग घ्यायचंच नाही का? घ्यावं, पण त्याच्या खऱ्या फायद्यासाठी, जो फॉरवर्डमध्ये नाहीच. भरीव ओंडक्यांचं घर वाळताना खाली बसतं. त्यामुळे दारं-खिडक्यांच्या डोक्यावर मुद्दाम जागा सोडावी लागते, खांबांखाली फिरवायचे जॅक ठेवावे लागतात आणि पहिली काही वर्षं ते जुळवत बसावं लागतं. चौकटीवर सायडिंग लावलेल्या घराला यातलं काही करावं लागत नाही. तेच रूप कमी लाकडात मिळतं, आणि एखादा भाग खराब झाला तर तेवढ्या फळ्या काढून बदलता येतात.